माळाची गोधडी

एक होता माळ. त्या माळावर म्हालिंगा राहायचा, आई आणि थोरली बहीण ठकूअक्का यांच्यासोबत. अक्का मेंढरांमागे जायची आणि गवतात बसून गोधडी शिवायची. म्हालिंगानं खोडी काढली की हळूच सुई टोचायची.

एकदा काय झालं, गवतात अक्काला साप चावला. अक्का गेली.

मग म्हालिंगाचं डोकं फिरलं. गवतानं माझी अक्का खाल्ली म्हणाला, आणि त्यानं अख्खा माळ पेटवला. उरलेली मुळंही कुदळीनं उपटली. लोक थांब थांब म्हणत होते, पण थांबतोय कोण?

मग उन्हाळा आला. उघडा माळ तव्यासारखा तापला, बरं का. तापलेली हवा वर वर गेली, तिचा ढग झाला. ढगातला पाऊस खाली येता येता वाटेतच वाळला. उरला नुसता गार वारा. तो धाडकन खाली आदळला आणि माळावरून धावत सुटला. पूर्वी तो गवतात अडखळायचा. आता त्याला अडवायला कोणीच नव्हतं. मग माती उठली आणि भिंतीसारखी चालून आली.

पहिल्यांदा तिनं छपरं नेली. दुसऱ्यांदा कोकरं नेली. तिसऱ्यांदा ती म्हालिंगाच्या दारात उभी राहिली. आत आईला श्वास पुरेना.

म्हालिंगा काठी घेऊन धावला. माती म्हणाली, "मारतोस कशाला? मला झोप येत नाही. माझं पांघरूण तू जाळलंस."

घरात पांघरूण एकच होतं, अक्काची अर्धी शिवलेली गोधडी. ती तो कोणाला झटकूसुद्धा देत नसे. त्यानं ती छातीशी घट्ट धरली.

आई खोकत म्हणाली, "लेकरा, अक्का असती तर तिनं ती केव्हाच मातीवर घातली असती."

मग त्यानं गोधडी माळावर पसरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. माती हळूहळू खाली बसली.

एवढ्याशा गोधडीनं एवढा माळ कसा झाकला? ऐका. अक्का गवतात बसायची ना? गोधडीत टाक्याटाक्याला कुसळं अडकली होती. कुसळ म्हणजे गवताचं बी. पाऊस पडला तशी ती गिरक्या घेत मातीत शिरली आणि उगवली. पुढचं बी वाऱ्यानंच पेरलं. तिसऱ्या वर्षी माळ हिरवागार.

आई बरी झाली. म्हालिंगा मेंढरं चारू लागला. गवतात शिरताना आधी काठी आपटायचा, साप बाजूला व्हावा म्हणून. आणि पायाला कुसळ टोचलं की हसून म्हणायचा, "अक्का, पुरे की."

माती निजली, वारा निजला. आता तुम्हीही निजा, आणि पांघरूण लाथाडू नका.