केरबानं शोधलेली सूज

एका गावात एक भोळा म्हैसवाला होता. नाव केरबा. सांगितलेलं सगळं करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. घरात तो आणि त्याची आई हौसाबाई, दोघंच. आईवर त्याचा फार जीव.

एकदा आईला ताप येऊ लागला. औषधानं उतरायचा, पुन्हा चढायचा. अंगात कुठंतरी सूज धरली होती, पण कुठं ते कुणालाच कळेना. सूज सापडली नाही तर म्हातारी हातची जाईल, असं गावच्या डॉक्टरांनी सांगितलं. केरबानं म्हशी शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधल्या आणि आईला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं, "हे बघ, आपल्या रक्तात पहारेकरी असतात. प्रतिपिंड म्हणतात त्यांना. तसलेच पहारेकरी आम्ही तयार करतो, त्यांना किरणांचा बारीक दिवा बांधतो आणि सुईनं अंगात सोडतो. सूज असेल तिथं ते गोळा होतात. मशीनला दिवे दिसतात. सूज सापडते."

केरबानं विचार केला. "आन् त्यात तेल कोण घालतं?"

"लागत नाही," बाई म्हणाल्या.

सुई टोचली. फोटो दुसऱ्या दिवशी काढायचा होता. केरबाला कुठला दम! भर दुपारी त्यानं आईवर चादर टाकली आणि आपलं डोकं आत घातलं.

"काय करतोयस रं?" आई म्हणाली.

"दिवं बघतोय आये. अजून पेटलं न्हाईत."

सिस्टर धावत आली. "अहो, ते दिवे डोळ्यांना दिसत नाहीत! आणि असं चिकटून बसायचं नाही. किरण आहेत अंगात. उद्यापर्यंत लांब राहायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

जाता जाता सिस्टर म्हणाली, "आणि त्यांना भरपूर पाणी द्या."

केरबानं तांब्या भरला. भिंतीला पाठ लावली, नेम धरला आणि दिलं पाणी. आई चिंब. गादी चिंब. पलीकडच्या खाटेवरचे आजोबाही निम्मे भिजले.

सिस्टरनं कपाळाला हात लावला. "अहो, पाणी पाजायला जवळ गेलं तर चालतं! जवळ जायचं, हात धरायचा, आधार द्यायचा."

"बरं. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आईला मशीनच्या फळीवर निजवलं. केरबा जवळ गेला. हात धरला. आणि आधार द्यायला शेजारी आडवा झाला. फळी दोघांना घेऊन आत सरकली.

काचेपलीकडचा माणूस ओरडला, "ए, तू कोण? इथं पेशंटनं एकट्यानं निजायचं! आणि अजिबात हलायचं नाही!"

"बरं. ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला. आणि हललाच नाही. शेवटी चौघांनी उचलून त्याला दाराबाहेर नेऊन ठेवला. ठेवला तसा उभा राहिला. फोटो काढून आई बाहेर आली, "चल रं बाबा" म्हणाली, तेव्हा कुठं हलला.

फोटो आला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरला. डाव्या खुब्याजवळ काळा ठिपका होता.

"ही बघ तुझी आई. आणि ही सूज. सापडली! पहारेकरी सगळे इथंच जमलेत. इथं रोज हे मलम हलक्या हातानं चोळायचं. या गोळ्या वेळेवर द्यायच्या. गोळ्या संपल्या की हिला घेऊन ये. विसरू नकोस."

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं. ध्यानात ठेवतो."

घरी आल्यावर त्यानं पाटावर मऊ लुगडं अंथरलं आणि त्यावर फोटो निजवला. सकाळ-संध्याकाळ ठिपक्यावर मलम चोळू लागला. आईनं बघितलं. हसली. गोळ्यांची पुडी तेवढी त्याच्या हातातून काढून घेतली आणि वेळेवर आपली आपण गिळत राहिली.

गोळ्या संपल्या. केरबा दवाखान्यात हजर. काखेत गुंडाळी.

"आईला आणलंस का?" बाईंनी विचारलं.

"आणलीया की. खिडकीजवळ बसवून आणली. तिकीट पुरं काढलं. कंडक्टर हसत हुता, पर आपुन लक्षच दिलं न्हाई."

त्यानं गुंडाळी टेबलावर हळूच उलगडली. आत मलमानं माखलेला फोटो.

बाई बघतच राहिल्या. "अरे, आणि हौसाबाई कुठायत?"

"ती व्हय? तिचा ताप कवाच उतरला. चुलीपुढं भाकरी थापतीया." केरबानं फोटोवरून मायेनं हात फिरवला. "म्हणून बरी झालेली आय घरी ठिवली. आजारी हाय तेवढी तुमच्याकडं आणली."