आवडीच्या खडपावरची मातीची अंडी

समोर समुद्रात तो काळा खडप दिसतो ना, माथ्यावर चुना सांडल्यासारखा पांढरा, तो आवडीचा खडप. सरकारी कागदात त्याला वेगळं नाव असेल. आमच्या शिरवेळ गावात मात्र शिमगा सरला की नारळी पौर्णिमेपर्यंत त्या खडपाला कुणाची होडी लागत नाही. तुम्ही दुप्पट भाडं देतो म्हणालात तरी कुणी नेणार नाही. मघाशी तुम्ही बंदरावर विचारत होतात, ते मी पडवीतून ऐकलं. मी फार चौकशा करते म्हणून गावात मला नावं ठेवतात, पण ही हकिगतही म्हाताऱ्यांच्या मागे लागूनच मला कळली.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. चैत्रात त्या खडपावर काळ्या टोपीची पांढरी पाखरं अंडी घालायला येत. शाळेतले मास्तर त्यांना सुरय म्हणतात, आम्ही नुसती पाखरं म्हणतो. गावातल्या बायका एक दिवस जाऊन थोडी अंडी आणत. अंडं पाण्याच्या वाडग्यात सोडायचं. बुडालं तर ताजं, ते घ्यायचं. तरंगलं तर आत जीव धरलेला, ते होतं तिथं ठेवायचं. एवढा एकच नेम होता.

त्या साली आवडीची सून यशी दोन जीवांची होती, आणि तिला अंड्यांचे डोहाळे लागले होते. आवडीचा एकुलता मुलगा लवू होडीचा तांडेल. घरात पहिलंच नातवंड येणार, म्हणून आवडीला काय करू नि काय नको असं झालं होतं. बायका खडपावर गेल्या त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. शेकडो अंडी एकेक करून वाडग्यात सोडायची म्हणजे संध्याकाळ व्हायची. तेव्हा आवडी म्हणाली, "आज सगळी फोडून टाकूंया. चार दिसांनी येव. तेव्हा गावतीत ती सगळी ताजीच."

"आवडे, तुझा डोक्या बरा चलता गो," एक जाऊ म्हणाली. बायका हसल्या, आणि हसत हसतच सगळ्यांनी मिळून खडप पायाखाली घातला, असं सांगतात. चार दिवसांनी टोपल्या भरून ताजी अंडी मिळाली. यशी पोटभर जेवली. त्यानंतर पाखरं दोन दिवस खडपावर ओरडत घिरट्या घालत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी एकही दिसलं नाही.

वैशाखाच्या शेवटी तीन होड्या खोल पाण्यात असताना वारं फिरलं. समुद्रावर असं धुकट भरलं की स्वतःच्या होडीचं टोक दिसेना. अशा वेळी आमचे लोक वर बघत. चोचीत मासा धरून जाणारं पाखरू सरळ पिलांकडेच जातं. त्याच्या मागोमाग गेलं की खडप लागतो, आणि खडप लागला की घर लागतं.

दोन होड्या लांब दक्षिणेला कुठल्याशा पुळणीवर फेकल्या गेल्या. माणसं तिसऱ्या दिवशी चालत गावात आली. तिसरी होडी लवूची, ती आली नाही. धुकट जरा विरळ झालं तेव्हा त्यांनी लवूला शेवटचं पाहिलं, तो वल्हं सोडून होडीत उभा होता आणि वर बघत होता म्हणे.

आवडीला कुणी बोल लावला नाही. लावणार कोण? सगळ्यांचेच पाय त्या खडपावर पडलेले. यशीला मुलगी झाली. ती सासूला जेवायला वाढी, तिचं अंथरूण घाली, पण तिच्याशी एक शब्द बोलत नसे.

पुढच्या शिमग्यानंतर आवडीने खाडीची माती मळली. तिची अंडी वळली, त्यांवर चुलीतल्या काजळीचे ठिपके दिले, आणि खडपावर जाऊन रिकाम्या खळग्यांत एकेक ठेवून आली. पाखरं आली नाहीत. पावसाने माती विरघळली. दुसऱ्या साली पुन्हा तेच. वेड लागलंय म्हणत आधी बायका बाजूला झाल्या, मग एकेक करून माती मळायला बसू लागल्या. सात वर्षं गेली. आठव्या वर्षी कुणी न सांगता यशीने घमेलं पुढे ओढलं.

त्या वैशाखात दुपारच्या वेळी बायका किनाऱ्यावर मासळी वाळत घालत होत्या. खोल समुद्राकडून एक पाखरू आलं. चोचीत मासा. ते खडपाकडे वळलं तशा सगळ्या बायका खडपाकडे बघू लागल्या. आवडी एकटी उलट दिशेला बघत होती, पाखरू आलं त्या वाटेकडे, कपाळावर हात धरून.

"पाखरू इला, यशे," ती म्हणाली. "लवू मागसून येत असतलो."

यशीने हातातली मासळी खाली ठेवली. आठ वर्षांनी ती सासूशी बोलली.

"येत असतलो, आये."

दोघी अंधार पडेपर्यंत तिथंच उभ्या होत्या, असं सांगतात.

आता खडपावर हजारभर जोड्या असतात. पाखरं मोजायला शहरातली पोरं येतात, तीही इथूनच दुर्बीण लावतात. राखण आमच्या बायकांची. मातीच्या अंड्यांची आता गरज नाही, असं ती पोरं सांगतात. आम्ही हो म्हणतो, आणि शिमगा आला की माती मळतो.

आणि आजही वैशाखात मासा घेऊन पहिलं पाखरू येतं तेव्हा तुम्ही किनाऱ्यावर असलात तर बघा. पाहुणे सगळे पाखराकडे बघतात. शिरवेळातली बाई त्याच्या मागं बघते.