ग्रिंडल मास्तरांची अस्सल घंटा

"बाहेरच्यांना गावाबाहेर काढा!" ग्रिंडल मास्तर उमरावांसमोर गरजले. "या परक्या पोरीनं माझ्या घंटेला कानस लावली!"

विलायतेतल्या हॅल्डन गावात घंटा ओतायचा मक्ता मास्तरांचा. त्यांची नवी घंटा चर्चच्या मनोऱ्यावर चढली आणि जुन्या घंटेशेजारी अशी बेसूर वाजली, की गावातली कुत्री रडू लागली. "कानांना सवय होईल!" मास्तर म्हणाले. समुद्रापलीकडून आलेल्या ओताऱ्याची मुलगी लिस्केन मात्र मनोऱ्यावर चढली आणि घंटेची आतली कड खरवडत बसली. संध्याकाळी दोन्ही घंटा सुरात वाजल्या. गुन्हा तो एवढाच!

"सूर जुळला, हे खरं," उमराव म्हणाले. "पण परक्यानं इथल्या घंटेला हात लावू नये, असा कायदा आहे."

"कधी झाला, सरकार?" लिस्केनने विचारले.

"आज सकाळी! आता ऐक. आठ दिवसांत मला अस्सल इथली घंटा आणून दे. बाहेरचा कणही चालायचा नाही. जमलं नाही, तर बापाला घेऊन पहिल्या जहाजानं चालती हो!"

लिस्केनच्या बाबांना एका गावाने आधीच हाकलले होते. पुन्हा हाकलून घ्यायला त्यांचे गुडघे पुरले नसते.

आठव्या दिवशी तिने गाडीवरचे फडके ओढले. खाली तपकिरी, ओबडधोबड घंटा! उमरावांनी मुठीने टोला हाणला.

थप्प! मूठ आतच रुतली.

"ही कसली घंटा?"

"अस्सल, सरकार! मास्तर तांबं स्वीडनचं वापरतात, ते वगळलं. घंटेवरची अक्षरं लॅटिन, तीही गाळली. साच्याची रीत मास्तरांच्या आजोबांनी फ्रान्सहून येताना आणली, म्हणून साचाही नाही. हातानं थापली."

"आजोबा फ्रान्सचे?" उमरावांनी मान वळवली.

"फक्त आईकडचे, सरकार!" मास्तर पुटपुटले.

"मग उरलं काय, पोरी?"

"साच्याच्या मातीत कालवतात ती लीद! आपल्याच तबेल्यातली आहे."

उमरावांनी घाईघाईने हात झग्याला पुसला. दरबार नाक दाबून खुसखुसला. मास्तर मात्र उसळले, "पण थापली कुणी? हात परकेच ना!"

"मास्तर, सरकारांचे घोडे स्पेनचे. इथलं गवत खातात, म्हणून त्यांची लीद अस्सल इथली. मी बारा वर्षं इथला पाव खातेय. मग माझे हात कुठले?"

उमराव पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले!

"लेखनिक, सकाळचा तो कायदा फाडा! आजपासून गावातली एकही घंटा लिस्केननं सूर लावल्याशिवाय मनोऱ्यावर चढणार नाही. तिच्या बापाला चर्चशेजारचं घर द्या."

"आणि ही घंटा, सरकार?" लेखनिकाने नाक दाबून विचारले.

"अस्सल माल आहे. मास्तरांच्या दारावर टांगा!"