धुतलेले हात

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

तिथे एक पाथरवट होता. दगडावर हातोडी वाजवली की आतली चीर त्याला आवाजावरून कळे. त्याने नाकारलेला दगड दुसरं कुणी कधी वापरत नसे.

त्या राज्यात कारागिराला वर जायला एकच वाट होती, मुकादम होणं. मुकादमाला दुप्पट धान्य, खांद्यावर शेला आणि दरबारात बसायला जागा. पाथरवट कितीही थोर असो, तो दाराशी उभा. मुकादम होणाऱ्याचे हात भरसभेत दुधाने धुतले जात, आणि धुतलेल्या हातांनी पुन्हा दगडाला शिवायचं नाही, अशी रीत होती.

"तुमच्या हाताखाली शिकलेले दरबारात बसतात," बायको म्हणाली, "आणि तुम्ही दाराशी त्यांची पायताणं राखा!"

त्याला ते लागलं. नदीवर मोठा पूल बांधायचं ठरलं, तेव्हा त्याने हात धुऊन घेतले.

आता तो ओट्यावर बसे. कुणाची पाळी, कुणाची रजा, कुणी कुणाची छिन्नी पळवली, हेच दिवसभर. भांडण सोडवायला जाई आणि दोघांनाही चिडवून परत येई. कान मात्र दगडांकडेच असत.

एके दिवशी कमानीच्या माथ्याचा दगड दोरांवरून वर चढत होता. चढताना तो लाकडावर आपटला. आवाज बद्द आला.

"थांबा! ठोकून पाहिलात का?"

"पाहिला की, मुकादम! खणखणीत आहे."

तो उठला. शेजारी बसलेला कारभारी हसला. "अहो, हात धुतलेत ना? पुन्हा दगड फोडायची हौस आली काय? लोक हसतील."

तो खाली बसला.

महिन्याभराने आधाराची लाकडं काढली आणि कमान कोसळली. एका पाथरवटाचा पाय कायमचा गेला.

राजाने मुकादमाला बोलावलं. "तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं, महाराज."

"मग उठला का नाहीस?"

"दगडाला शिवलो असतो, तर पुन्हा दाराशी उभं राहावं लागलं असतं."

राजा शिक्षा सुनावणार होता. पण त्याची नजर दरबारावर फिरली. बसलेल्यांपैकी एकाच्याही तळहाताला घट्टा नव्हता.

"ही रीत कुणी घातली?"

"आपल्या आजोबांनी, महाराज."

"मग मोडायला नातू पुरे."

मुकादमकी एका बेताच्या कारागिराला मिळाली. त्याची छिन्नी साधारण होती, पण भांडणारे दोघंही त्याचं ऐकत. पाथरवट दगडांकडे परतला. धान्य तेवढंच, शेला तसाच, दरबारातली जागा मुकादमाच्या शेजारी. पूल पुन्हा उभा राहिला. पाय गमावलेल्या सोबत्यासमोर मात्र पाथरवटाची मान जन्मभर खालीच राहिली.

तात्पर्य: जो ज्या कामात मोठा आहे, त्याला त्याच कामात मोठं होऊ द्यावं.