कड्याने लाटेला दिलेला पायथा

फार जुनी गोष्ट. कोकणात एक काळा कडा समुद्रात घुसून उभा होता. त्याच्या आडोशाला एक लहानशी पुळण होती. कोळी तिच्या वाळूवर होड्या ओढत आणि नारळी पुनवेला नारळही तिथूनच वाहत. कड्याला ते बघवत नसे.

"मार मी खायचा आणि मान हिला!" तो लाटेला म्हणाला. "बुडव तिला एकदाची."

"तू आडवा उभा आहेस, बाबा. मी तिच्यापर्यंत जोराने पोचू कशी?"

"मग माझा पायथा खा, पण तिला सोडू नकोस."

पुळण घाबरली. "दादा, मी तुझं काय वाईट केलं?"

कड्याने पायथा लाटेपुढे केला.

लाटेने पायथा पोखरला. आधी गुहा झाली, मग आरपार कमान झाली आणि एका पावसाळ्यात ती कमानही कोसळली. धोंड्यांचे गोटे झाले, गोट्यांची वाळू झाली. कड्याचा नुसता सुळका पाण्यात उरला. त्याने वळून पाहिलं, तर पुळण दुप्पट रुंद झालेली.

"अगं, हिला बुडवायचं ठरलं होतं ना?"

"त्यासाठीच तर रोज जात होते," लाट म्हणाली. "पण हातात तुझी वाळू असायची. ती तिच्याच ओटीत पडत गेली."