चौदाचं ॲव्हरेज

"चौदा, उस्ताद! लिटरला चौदा. या घाटात, फोर-बाय-फोर गाडीला... दुसरं कुणी काढून दाखवेल का?"

मुरादबाबा दर्ग्याच्या पायरीवरचं शेवाळ खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

काळखडी घाटाच्या माथ्याजवळचा तो लहानसा दर्गा. बाबा तिथे झाडलोट करत. त्याआधी तीस वर्षं त्यांनी याच घाटात लाकडाचे ट्रक चालवले होते. आसपासचे सगळे ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणत. रोहिदास पाडवीला गाडी शिकवली तीही त्यांनीच.

रोहिदास आता पाणलोट प्रकल्पाची पिकअप चालवत होता. पुढे पाचजणांची केबिन, मागे हौदा. प्रकल्पाच्या ऑफिसात एक फळा होता. ज्याच्या गाडीचं ॲव्हरेज जास्त, त्याचं नाव वर. सहा महिने रोहिदासचंच नाव वर होतं. बाकीचे दहाच्या पुढे जात नव्हते.

"कसं काढतोस?" बाबांनी विचारलं.

"टाकी कधी भरत नाही, वजन वाढतं. चारही चाकांना इंजिनचा जोर कधी लावत नाही, डिझेल जास्त जातं. आणि उतार लागला की न्यूट्रल... इंजिन बंद."

बाबांचा हात थांबला.

"या घाटात?"

"गाडी आपोआप उतरते, उस्ताद."

"हो," बाबा म्हणाले. "उतरते खरी."

रोहिदासला शाबासकी हवी होती. ती मिळाली नाही. तो चिडून उठणार, तेवढ्यात धुक्यातून चार माणसं बाहेर आली. खांद्यावर बांबू, बांबूला बांधलेली झोळी. झोळीत रुमली होती, वरच्या पाड्यावरची. पहिलं बाळंतपण. पहाटेपासून कळा येत होत्या आणि आता रक्त थांबत नव्हतं. तिची सासू भुरीबाई झोळीला धरूनच धावत आली होती.

"भाऊ, दवाखान्यात ने," ती म्हणाली.

चौघांनी रुमलीला मागच्या सीटवर निजवलं आणि ते तिथेच थांबले. भुरीबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाबांनी हात धुतले आणि न विचारता पुढे येऊन बसले.

रोहिदासने गाडी सुरू केली. समोरच्या पडद्यावर आकडा उजळला. उरलेलं डिझेल तेहतीस किलोमीटर पुरणार होतं. दवाखाना अठ्ठावीसवर.

"पुरेल," तो स्वतःशीच म्हणाला.

खिंडीपर्यंत दोन किलोमीटर चढ होता आणि सगळा चिखल. अर्ध्यात मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. गाडी मागे सरकली. मग आडवी फिरली, दरीच्या बाजूला.

"चारही चाकं लाव," बाबा म्हणाले.

"डिझेल..."

"लाव."

त्याने लावली. गाडी गुरगुरत वर निघाली. आकडा उतरू लागला. तीस. सव्वीस. एकवीस. खिंडीत पोचले तेव्हा एकोणीस.

दवाखाना अजून सव्वीस किलोमीटर होता. मध्ये पंप नाही, वस्ती नाही, मोबाइलला रेंज नाही.

आज टाकी भरायला हवी होती. काल. परवा...

मागे रुमलीचं कण्हणं थांबलं.

कण्हण्यापेक्षा ते थांबणं भयंकर होतं. रोहिदासने मागे पाहिलं नाही. अठरा किलोमीटरचा उतार समोर होता. त्याने न्यूट्रल केलं आणि चावी फिरवली. इंजिन बंद झालं. पडदा काळा झाला.

गाडी आवाज न करता धुक्यात शिरली.

"रोह्या," बाबा म्हणाले, "गिअरमध्ये घे."

"उतारावर डिझेल जाळायचं? मग खाली पोचणार कसे?"



पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. काच धुक्याने पांढरी झाली होती, कठडा अगदी जवळ आल्यावर दिसत होता. तिसऱ्या वळणाला रोहिदासने ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखं लागलं; इंजिन बंद असल्याने ब्रेकला जोर उरला नव्हता. स्टिअरिंग जड झालं. दोन्ही हातांनी ओढून त्याने गाडी वळवली. काहीतरी जळाल्याचा वास आला.

भुरीबाई याहा मोगी देवीचं नाव घेऊ लागली. आधी हळू, मग मोठ्याने.

रोहिदासची नजर बाजूला गेली. बाबांनी दाराचं हँडल धरलं होतं. इतकं घट्ट, की बोटं पांढरी पडली होती.

"उस्ताद... दार का धरलंय?"

"भीती वाटते."

"तुम्हाला?"

"तीस वर्षं वाटतेय," बाबा म्हणाले. "या घाटात रोज."

उस्तादांना भीती वाटत असेल, तर मग गाडीत न घाबरलेलं कुणीच नव्हतं.

"वाटेत डिझेल संपलं तर?" त्याचा आवाज फाटला.

"संपलं तर उभे राहू. आत्ता उभं राहता येतंय का, ते बघ."

त्याने पूर्ण जोर लावून ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही.

पुढे काय केलं ते त्याला नंतर नीट आठवेना. चावी फिरवली. इंजिन लागलं. तिसरा गिअर टाकला तेव्हा गाडीने अख्ख्या अंगाने झटका दिला. दुसरा टाकला. इंजिन किंचाळलं, पण ब्रेकमध्ये जीव आला, आणि डोंगराच्या बाजूच्या भिंतीला आरसा घासत गाडी उभी राहिली. समोर कठड्याची जागा रिकामी होती. त्यापलीकडे नुसतं पांढरं.



"आता चारही चाकांचा हळू गिअर," बाबा म्हणाले. "ब्रेकला पाय नको. इंजिनच धरेल."

गाडी म्हशीसारखी संथ उतरू लागली. रोहिदासने भीत भीत पडद्याकडे पाहिलं. आत्ता किती डिझेल जळतंय ते जिथे दिसतं, तिथे शून्य होतं.

त्याला वाटलं पडदा बिघडला. पुढच्या वळणालाही शून्य. त्याच्या पुढच्याही.

"उस्ताद, गाडी काहीच पीत नाहीये..."

"उतारावर गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडला की कधी पीत नाही. न्यूट्रलला तेवढं थोडं पिते."

"मग मी..."

"तू इंजिन बंद करत होतास. पडदाही बंद. बघणार कसा?"

मागून एक बारीक आवाज आला. रुमली कण्हली. भुरीबाई मोठ्याने रडू लागली.

ते दवाखान्यात पोचले तेव्हा डिझेलचा लाल दिवा जळत होता. नर्सने आणि वॉर्डबॉयने रुमलीला आत नेलं. भुरीबाई मागोमाग गेली. रोहिदास आणि बाबा बाहेरच्या बाकावर बसले. दीड तासाने नर्स आली. आई वाचली. मुलगी झाली होती, फार अशक्त, काचेच्या पेटीत ठेवली होती. पण रडली होती.

रोहिदासने ऐकलं. उठून गाडीपाशी गेला. त्याला दार उघडता येईना. हात थरथरत होते, चावी कुलपाला लागत नव्हती.

बाबा मागून आले आणि शेजारी उभे राहिले.

"उस्ताद, इतका वेळ काही नव्हतं. आता सगळं झाल्यावर हे... थांबतच नाहीये."

बाबांनी त्याच्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. ते धरले मात्र नाहीत.

"भीती आहे ती, थांबवू नकोस," ते म्हणाले. "परतीचा रस्ता तोच आहे."