थरथरणारे पाडस

सागाच्या एका रानात चितळांचा एक कळप राहत असे. त्या कळपाची एक रीत होती. संकट टळले, की सगळ्यांनी ताठ उभे राहायचे. थरथरायचे नाही, रडायचे नाही. "थरथर दिसली, की शिकारी पुन्हा येतो," असे म्होरक्या सांगत असे.

एके दिवशी पाणवठ्यावर बिबट्याने झडप घातली आणि एका पाडसाचा थोरला भाऊ नेला. पाडसाचे पाय लटलट कापू लागले. म्होरक्याने डोळे वटारले, तसे पाडसाने गुडघे आवळले आणि कापरे आतल्या आत गिळून टाकले. मुलांनो, गिळलेले कापरे काही पचत नाही. त्या दिवसापासून वाळके पान पडले तरी पाडस खूर आपटून "बिबट्या!" असे ओरडे आणि सगळा कळप उधळे. दोन दिवसांत असे सात वेळा झाले. "अरे बाबा, तुझ्यापायी उपाशी मरू की आम्ही!" एक हरिणी धापा टाकत म्हणाली. म्होरक्याने बजावले, "आणखी एक खोटी हाक, आणि तू कळपाबाहेर!" एकट्या पाडसाला ते मरणच होते.

झाडावरून एक वानर हे पाहत होते. ते म्हणाले, "बिबट्या रानातून गेला, पण तुझ्या पायांतून अजून गेला नाही. मी पडता पडता वाचलो, की सगळं अंग गदगदा हलवतो, मग लांब लांब श्वास सोडतो. अंगाला कळायला नको, संकट टळलं म्हणून?"

"आमच्यात तशी बंदी आहे."

"मग ठेव आत. तुझी मर्जी!"

पाडस पेटून उठले. कळपाच्या मधोमध जाऊन ओरडले, "माझा दादा गेला. मी थरथरणार, मी रडणार. हाकलायचं तर हाकला!" आणि त्याचे अंग नाकापासून शेपटीपर्यंत गदगदू लागले. म्होरक्या शिंगे रोखून धावत आला आणि त्याच्यापुढे थांबला. "लाज नाही वाटत?"

"दादाची आठवण येते. लाज नाही येत!" पाडस जागचे हलले नाही. हळूहळू त्याचा श्वास लांबला. शेजारी एक पान पडले. त्याने नुसते पाहिले. मग गवतात काही सरकले. वारा तर पडलेला होता. पाडसाने खूर आपटला. "बिबट्या!"

"आठव्यांदा! चालता हो!" म्होरक्या गरजला.

"जातो. आधी तुम्ही पळा!" या वेळी त्याचा आवाज जराही कापला नाही. तो ऐकून हरिणी उठल्या आणि सारा कळप धावला. बिबट्याची झेप रिकाम्या गवतावर पडली.

ओढ्यापलीकडे म्होरक्या ताठ उभा राहिला, पण त्याचा मागचा पाय काही केल्या थांबेना. पाडस त्याला खेटून उभे राहिले. "कापू द्या, आजोबा. कोण हसतं ते मी बघतो!"

तात्पर्य : भीतीने किंवा दुःखाने अंग थरथरले तर थरथरू द्यावे. भित्रा तो नव्हे जो कापतो, भित्रा तो जो दुसऱ्याला कापू देत नाही.